भाचीने पकडलेला तारा

मी, रेडिओ दुर्बिणीवरचा निवृत्त संशोधक, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फारच थोर माणूस होतो.

१. बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. सोल्डरिंग गन आणि पकडी मेहुण्यांना. चालवता येत नाहीत, पण हौस दांडगी.

२. जिन्याखालची शिडी शेजाऱ्यांची आहे. ती माझी म्हणून मी चारचौघांत भांडलो. परत करावी.

३. माजी संचालकांना काहीही नाही. भाची माझ्या हाताखाली रुजू झाली त्या दिवशी ते हसत म्हणाले, "काय, घरचं दुकान मांडलंत का?" ते विसरलेही असतील. मी विसरलो नाही, आणि तिथेच घात झाला.

४. राहते घर भाचीला. कारण लिहिताना मान खाली जाते. दूरच्या एका ताऱ्याचा स्फोट झाला, तेव्हा तिने त्याच्या रेडिओ लहरी पहिल्याच आठवड्यात पकडल्या. साध्या स्फोटाच्या मानाने त्या फारच प्रखर होत्या. ती म्हणाली, "मामा, गॅमा किरण कुणालाच दिसले नाहीत, पण आतून झोत सुटलाय." असा झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघतो. त्याचे तोंड आपल्याकडे नसेल तर गॅमा किरण हुकतात, रेडिओ मात्र चुगली करतो. तिचे बरोबर होते, आणि मला ते तेव्हाच कळले होते. परक्याची नोंद असती तर मी त्याला डोक्यावर घेऊन नाचलो असतो. भाचीची होती, म्हणून सगळ्यांदेखत म्हणालो, "हा बाहेरचा गोंगाट आहे. खोडून टाक." मोबाइल, गाड्या यांचा असा गोंगाट खोडण्याची आमच्याकडे रीतच आहे. तिने खोडला. मला निःपक्षपाती म्हणवून घ्यायचे होते. पुढे दुसऱ्यांना तसाच तारा सापडला आणि मी टाळ्या वाजवल्या. तिने संशोधन सोडले. आता ती लोकांना गाडी शिकवते आणि दर रविवारी माझी औषधे आणते. मला तिच्याकडे बघवत नाही.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलबाईंनी बजावले आहे. म्हणून भाचीची सही घेऊ नये.

स्थळ : माझे स्वयंपाकघर. रविवार, ९ जून.
सही : मृत्युपत्र करणारा

साक्षीदार :
१. शेजारी (शिडी पोचली)
२. भाची

ता. क. ती औषधे घेऊन आली, टेबलावरचे हे वाचले आणि पेन मागितले. वकीलबाई म्हणाल्या, "अगं, घर जाईल हातचं!"

ती म्हणाली, "जाऊ दे. तो गोंगाट नव्हता, असं मामाने लिहून दिलंय. त्याखाली सही माझीच हवी."