मारियाना खंदकातला अर्धा मार्क

विश्रामबाग, सांगली

चि. संयोगिता,

आत्याचे आशीर्वाद. बोटीवर उलट्या थांबल्या का? आवळासुपारी पुरवून खा, तिकडे मिळायची नाही. माझी प्रकृती ठणठणीत आहे. रागाला पथ्य लागत नाही.

तुम्ही समुद्राच्या तळाशी काय चालवलंय? मारियाना खंदक अकरा हजार चौतीस मीटर खोल, हे मी कॉन्व्हेंटमध्ये बत्तीस वर्षं शिकवलं (शिकलेही तिथेच, त्यामुळे शंकेला जागा नव्हती). आणि तू बाबांना कळवतेस, तुमच्या बोटीच्या नव्या मोजणीत तो शंभरेक मीटर कमी भरतो! नववीतल्या रेश्माने पेपरात १०,९२४ लिहिलं होतं. जपानी बोटीने मोजलंय म्हणे, मासिकात वाचलं. मासिकं दातांच्या दवाखान्यात वाचायची असतात, असं सुनावून मी अर्धा मार्क कापला. तेवढ्यावरून पहिल्या नंबरचा कप तिच्याऐवजी माझ्याच लेकीला, अंकिताला मिळाला. आता रेश्माच माझी दातांची डॉक्टर आहे, आणि तिच्याकडे मासिकांचा ढीग असतो.

बोटीचंच चुकतंय हे दाखवायला मी कुंडलला तुझ्या बाबांची विहीर मोजायला गेले. विहीर पिढ्यान्‌पिढ्या नऊ परस (परस म्हणजे माणसाची उंची). तुझ्या बाबांनी, म्हणजे आमच्या लालादादाने, दगड बांधून दोर सोडला आणि ओला दोर शेजारच्या ताडमाड गुंडाच्या अंगाला लावला: आठ. स्वतःच्या अंगाला लावला: साडेनऊ.

"आवं आक्का, हीर तीच हाय, मापाचा माणूस बदलला," गुंडा म्हणाला.

मग मी लोखंडी टेप सोडली. ती गाळात रुतली, ओढल्यावर तुटली आणि तिथेच राहिली. (दादा म्हणतो, आता विहीर टेपभर उथळ झाली.) एसटीत बसले तेव्हा हात चिखलाने भरले होते आणि मन का कुणास ठाऊक, अगदी हलकं झालं होतं. तरी माझं मत कायम आहे. पुस्तकात होतं तेच मी शिकवलं.

तुझी,
आत्या

ता. क. खरं काम राहिलंच. सोमवारी रेश्मा माझी दाढ काढणार आहे. त्याआधी पक्का आकडा कळव, जमल्यास अकरा हजारांच्या वरचा. शंभर मीटरांनी तुमच्या समुद्राचं काय बिघडतंय?

ता. क. २. कळवू नकोस. कप चिंचेने घासून पिशवीत घातलाय. अंकिताला मी सांगेन. दाढ काढण्याआधीच तो रेश्माला देणार आहे. नंतर तोंडात कापूस असेल, आणि "तुझंच बरोबर होतं" हे मला स्पष्ट उच्चारात म्हणायचं आहे.