कच्चा, शिजलेला, करपलेला

मंगळवार, दिवेलागणीनंतर

मी हसायला नको होतं. पण आवरलंच नाही.

मोठ्या जाऊबाई यंदा बाहेरून दहावीला बसतायत. लग्नापायी सुटलेली शाळा त्यांना आता पुरी करायची आहे, आणि विज्ञान शिकवायचं माझ्याकडे. आज विचारलं, "ताई, पदार्थाच्या तीन अवस्था सांगा." त्या ठामपणे म्हणाल्या, "कच्चा, शिजलेला, करपलेला."

डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले मी. त्यांनी पुस्तक मिटलं, "लय झालं शिकणं," म्हणाल्या आणि लोणी कढवायला निघून गेल्या. आता या परत बसायच्याच नाहीत, असं वाटून माझं हसू जागीच थिजलं. चूक तरी काय त्यांची? दिवसभर स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला पदार्थ म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? पण करपलेला!

थोड्या वेळाने आतून हाक आली. "इकडं ये गं. लोणी स्थायू. वितळलं, द्रव झालं. मग ही वाफ तुपाची का?"

"नाही ताई, लोण्यातल्या पाण्याची. पाणी वायू होऊन उडतं, तूप खाली राहतं."

"आणि गार झालं का तूप थिजतं. म्हणजे परत स्थायू!"

आम्ही बोलतच राहिलो, आणि तूप करपलं.

ताईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "बघ, तिसरी अवस्था. माझं काय चुकलं होतं?" या वेळी आधी त्याच हसल्या.

पातेलं घासायचं मीच मागून घेतलंय. घरभर करपल्याचा वास, आणि ताई पुढचा धडा मोठ्याने वाचतायत.