मांडीत काहीतरी हललं

मंगळवार, दिवेलागण

सवे, आधी वार टाक. कालचं पान बिनवाराचं सोडलं तू. म्हातारी मी हाव का तू, तेच समजत नाही. हं, लिही आता.

आज नांदुऱ्याच्या दवाखान्यात माह्या मांडीची सोनोग्राफी झाली. पडल्यापासून मांडी वाळली, म्हणून रोज पायाले रबरी पट्टा बांधून ताणून राह्यली, तर मांस भरलं का नाही ते पाहाले. नसतं भरलं, तर तुहा बाप मले पुण्याले घेऊन जाणार होता. घर सोडून मी तिथं काय करू?

अंधाऱ्या खोलीत डॉक्टरीनबाईनं मांडीले थंडगार औषध चोपडलं. पडद्यावर पांढऱ्या रेघा, वाती वळून ठेवल्यासारख्या. अन् त्यात काहीतरी हललं.

"आजी, हलू नका."

"मी कुठं हलून राह्यली? तेच हलून राह्यलं!"

पुन्हा हललं. मासोळीनं कूस बदलावी तसं. माह्याच मांडीत, अन् मलेच पत्ता नाही.

बाई म्हणे, स्नायू कधीकधी आपोआप उडतो. मग म्हणे, "मांडी भरली, आजी. पाय चांगला भारी झाला."

म्हटलं, "हळू बोल माय! या वयात पाय भारी झाला म्हणशीन, तर गावात तोंड कसं दाखवू?"

सगळे हसले. मीबी हसली. पण तेव्हापासून हात मांडीवरच जाते. हे जे भरलं, ते मीच का दुसरं कोनी? काऊन हललं असन?

पुणं टळलं, हे बरं झालं. बापाले फोन लाव. म्हण, गाडी पाठवू नको, डिंकाचे लाडू पाठव. दोघांपुरते.