दिवा वाढवायचा

४ डिसेंबर १९७८
आला! पुण्याहून डिमर बोर्ड आला! सरकत्या खुंट्यांच्या दोन रांगा, प्रत्येक खुंटीला शून्य ते दहा आकडे. आता नाटकाचे दिवे माझ्या हातानं उजळणार, माझ्या हातानं मंदावणार! आमचे दिग्दर्शक ईश्वरभाऊ गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, त्यामुळं तोंडावर जॉबरकी कायम. म्हणाले, "बाई, शाळेत विज्ञान शिकवता म्हणून देतोय. नाट्यस्पर्धेत एक चूक झाली की भाड्याचा माणूस आणणार." आणा की! चूक होऊ दिली तर ना!

५ डिसेंबर
गंमतच आहे. खुंटी पाचावर ठेवली तर अर्धा उजेड येत नाही, जेमतेम कंदिलाएवढा येतो! अर्धा वाटतो तो सातावर. एकवर तर दिव्याची तार नुसती लालसर होते. म्हणजे आकड्यांवर जायचं नाही, डोळ्यांनी ठरवायचं.

७ डिसेंबर
वरची रांग चालू असताना खालच्या रांगेवर पुढच्या प्रवेशाचा उजेड आधीच लावून ठेवायचा. मग एकच दांडी ओढायची – जुना उजेड जातो, नवा येतो. मला तर दांडी सोडवेना!
नागूबाई नाटकात आई झाल्यात. मला म्हणाल्या, "उजवीकडचा लाइट सातच्या खाली आणू नगं गं पोरी." हौस बघा बाईंची! त्या झोतानं बाकीचे सगळे डोळे चोळत होते, यांची पापणी हलत नव्हती. कसलेली नटी!
शेवटच्या प्रवेशाला फ्यूज उडाला आणि त्याची दिव्यांसह तालीम राहूनच गेली. ईश्वरभाऊंनी तोंडीच सांगितलं, "मुलगा परत येतो, तितं दिवा वाढवायचा. बास!"

९ डिसेंबर
उद्या स्पर्धा. हात नुसते शिवशिवतायत.

१० डिसेंबर
मेले!
मुलाची चाहूल लागली आणि मी दांडी ओढली. उजेड उतरत उतरत मिट्ट काळोख. विंगेत ईश्वरभाऊ दोन्ही हात हलवत होते. मला वाटलं, 'हळू' म्हणतायत – मी आणखी हळू केलं!
आता माझं काय चुकलं? आमच्या घरी 'दिवा विझव' असं कुणी तोंडातून काढत नाही. नारळ वाढवतात, बांगडी वाढते, तसा दिवाही वाढवतात. यांना मात्र तो मोठा करून हवा होता!
काळोखात मुलगा चाचरला, "आये... म्या आलो." सगळं संपलं असं वाटलं. तेवढ्यात नागूबाई म्हणाल्या, "दिवा लावू नगं. हातानं बघू दे मला." हे नाटकात नव्हतंच! आधी कुणीतरी हुंदका दिला, मग सगळं थिएटरच रडायला लागलं. मीसुद्धा.
ईश्वरभाऊ एवढंच म्हणाले, "निकाल लागू दे, मग बोलतो."

१२ डिसेंबर
पहिले!! प्रकाशयोजनेचं बक्षीसही आम्हालाच! ईश्वरभाऊ भर चौकात ओरडले, "फुडच्या फेरीला बी अंधारच करायचा! आन् बोर्डावर तुमीच!"
मी रस्त्यात चक्क नाचले.

१३ डिसेंबर
नागूबाई सुनेचा हात धरून घरी आल्या. सून चहा ठेवायला आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "दिवाळीपासनं मला दिसतच न्हाय, पोरी. तुज्या लाइटची ऊब गालाला लागती, तितं मी उभी ऱ्हाते. ऊब गेली, तवा कळलं की तू दिवा वाढवलास. कुणाला बोलू नगंस."
उजवीकडचा दिवा आता आठावर ठेवणार.