देवाला पाठ न दाखवता

ता. ४ फेब्रुवारी १९३८, शुक्रवार
पायाने आज पुन्हा छी-थू केली. तिसरीच्या वर्गात दारापासून फळ्यापर्यंत सात पावलं. दुसऱ्यालाच उजवा पाय आत वळला, फरशीवर घासला, गुडघा थडथडायला लागला. पोरं हसली नाहीत, गप्प बसली. ते जास्त लागलं. हे सुरू होऊन दोन महिने झाले. हेडमास्तर म्हणाले, आता वर कळवावं लागेल. म्हणजे नोकरी गेली.

ता. ६, रवि.
सौ.ने रोजच्यासारखं करंजाचं तेल चोळलं. अंथरुणाला वास, धोतराला वास, या वहीलाही. धाड गावच्या बाजारातली कसली तरी मुळी उकळून प्यायलो, ओकलो. शेजारचे करीमभाई गाड्यांची चाकं बनवतात. त्यांनी पाय वाकवून पाहिला. म्हणाले, "चाकाचा आरा मोडला तं दिसते, मास्तर. तुमचा पाय तं साबूत हाये. मंग अडते कुठं?"
एवढा सरळ प्रश्न अजून कोणी विचारला नव्हता.

ता. १०, गुरु.
सौ.च्या हट्टापायी रामाच्या देवळात. जाताना तिच्या खांद्यावर हात, पाय फरफटत. दर्शन घेतलं. देवाला पाठ दाखवू नये म्हणून सवयीने मागे मागे सरत निघालो. गाभाऱ्याचा उंबरठा, सभामंडप, पार पायऱ्यांपर्यंत. पाय कुठेही अडला नाही. अगदी पूर्वीचा पाय. मग वळलो, पुढे पाऊल टाकलं आणि तोंडावर आपटलो.
पुजारीबुवा घंटा बडवायला लागले. बायका पाया पडल्या, त्याच पायाच्या. एकीने अंगठ्याला कुंकू लावलं. शिसारी आली. हेडमास्तर खांबाशी उभे होते. सगळं पाहिलं त्यांनी.

ता. ११
अर्ध्या गावाला चमत्कार, अर्ध्याला सोंग. हे.मा. सगळ्या मास्तरांदेखत म्हणाले, "देवळात पाय चालते, शाळेत काऊन नाही चालत बे?" आठ वर्षांत पहिल्यांदा मला बे म्हणाले.
घरी दार लावून मागे मागे चालून पाहिलं. चुलीपासून ओसरीपर्यंत, एकदाही न अडखळता. तोंड पुढे केलं की तीच थडथड. स्वतःच्याच पायाची किळस. मीच करत असेन तर मला ठाऊक कसं नाही? आणि मी करत नसेन तर

ता. १५, मंगळ.
मोटारीने बुलढाण्याला. डॉक्टरांनी सुई टोचली, हातोडी मारली, पुढे चालवलं, मागे चालवलं. मी आधीच सांगून टाकलं की मी सोंग करत नाही. म्हणाले, "तसं मी म्हणतच नाही. हाडं, नसा चांगल्या आहेत. चालणं तेवढं बिघडलंय. असे रोगी मी पाहिलेत." डोळे भरून आले. त्याचाही राग आला.
मग कागदावर लिहिलं: पायात दोष नाही, कामास हरकत नाही. मी म्हटलं, आजार म्हणून लिहा. म्हणाले, याला आमच्याकडे जो शब्द आहे तो लिहिला तर तुम्हाला वेड्यात काढतील. म्हणजे भला माणूससुद्धा कामाचा नाही.

ता. १७
हे.मा.नी कागद दोनदा वाचला, मजेत. सोमवारी तपासनीस येताहेत. त्यांच्यासमोर दारातून चालत यायचं, फळ्यावर लिहायचं, वर्ग घ्यायचा. नाहीतर राजीनामा.

ता. १८
पावलं मोजत सराव. तीन, फार तर चार. मागे मागे चालत वर्गात शिरलो तर? पोरं, तपासनीस, हे.मा. आणि माझी पाठ पुढे. थू.

ता. २०, रवि.
जेवणानंतर सौ. तेल घेऊन बसली. चोळता चोळता हात थांबला. मान वर न करता म्हणाली, "मले तरी खरं सांगा. मी कोणालेच नाही सांगणार."
हिनेही. दोन महिने पाय चोळणारीने. संताप आला. चटकन पाय ओढून घेतला. तो सरळ आला, सहज, कुठेही न थडथडता. तिने ते पाहिलं.
तेलाची वाटी उचलून आत गेली.
उद्या साडेदहाला शाळा.