आईची मिश्री

लंडन, ४ मार्च १९३६

ती. आईच्या पायांवर सावळीरामचं डोकं.

मी मजेत आहे. इथं कॅन्सरच्या गाठींत रेडियमच्या सुया बसवायला शिकतोय. काल एका म्हाताऱ्याच्या जिभेत पहिल्यांदा मी स्वतः बसवल्या. हात जरासुद्धा हलला नाही. रेडियमनं कातडी भाजते, पण सुया चिमट्यानं धरतो, तेव्हा माझ्या बोटांची काळजी नको.

मी धाडलेल्या बिस्किटांच्या डब्यात तू तंबाखूची मिश्री ठेवतेस, असं धाकट्या गोरक्षनं लिहिलंय. वाचून हसलो. पण तुझ्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय, तिखट झोंबतं, हेही त्यानं लिहिलंय. कधीपासून गं?

मिश्री आजच सोड आणि मुंबईला डॉक्टरांना दाखवून ये. गोरक्षा, ही ओळ आईला दोनदा वाचून दाखव.

आपल्या गावच्या गंगेवर अजून पहाटेच अंघोळीला जातेस का?

आई, परक्याच्या तोंडात माझा हात हलला नाही. तुझ्या तोंडात हलेल.

तुझा,
सावळीराम