एकतीस दारांची हजेरी

ता. ४ मार्च

चि. ढोल्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून हसशील. पण फोनवर तू इतक्या मोठ्यानं बोलतोस, की तुझ्या कुलपांच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा मला सल्ले देऊ लागतं. त्यापेक्षा कागद बरा.

गोदामवाल्यांना आमची गल्ली पाडून ट्रकांसाठी रस्ता हवा आहे. पालिका म्हणते, निम्म्याहून जास्त घरं रिकामी दिसली तर पाडू. म्हणून तर मी गल्लीचा ब्लॉग सुरू केला. रोज सकाळी सातला प्रत्येकानं खाली कमेंटमध्ये घराचा नंबर टाकून ‘हजर’ लिहायचं. बत्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, खोड जाते थोडीच! पुरावाही झाला, आणि कुठले कुठले अनोळखी लोक वाचून पालिकेला पत्रं पाठवू लागले. साहेबांना घाम फुटलाय म्हणे.

पण पालिकेनं पाणी तोडल्यापासून लोक कंटाळून निघून चाललेत. एकतीसपैकी नऊ घरं उरली. हजेरी मात्र रोज एकतीस लागते. आधी वाटलं, माझाच चष्मा बदलायला झाला. तीनदा मोजली रे. एकतीसच.

तुझ्या कारभारणीला आशीर्वाद, तुला थोडी अक्कल पाठवते. माया आहेच, पत्राचा आळस तेवढा सोड.

तुझी ताई

ता. १० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

अक्कल पोचली, जरा कमी भरली. अगं, गेलेलेच लिहीत असतील. नव्या जागी जीव रमत नसेल, म्हणून सकाळी उठून हजेरी लावतात बिचारे. भलतंसलतं मनात आणू नकोस.

खरं सांगू? तुला काय खातंय ते मला कळतं. खोटी हजेरी उडवलीस तर गल्ली जाईल, आणि ठेवलीस तर तुला घास गोड लागायचा नाही. सोड ना सगळं, ये आमच्याकडे. पुढची खोली झाडून ठेवली आहे. बायको म्हणते, ताई आल्या की यांच्यावर वचक राहील.

तुझ्या पायाशी जागा राहू दे, एवढंच मागणं.

तुझा ढोल्या

ता. १९ मार्च

चि. ढोल्यास आशीर्वाद.

घाबरू नकोस, पण हे पत्र दवाखान्यातून लिहिते आहे. बारा नंबरची शिंपीण गल्ली सोडून गेली, तिला मी सरळ पत्र टाकून विचारलं होतं, हजेरी तू लावतेस का. तिचं उलट टपाली उत्तर आलं. तिनं ब्लॉग महिन्याभरात उघडलेला नाही, आणि माझ्या घरात कोण बसलंय ते आधी सांगा, म्हणून माझ्यावरच उखडली.

मग मला कुठला धीर धरवतो! तिच्या ओट्यावर चढून खिडकीतून डोकावले. आत भांडं नाही, चटई नाही. पण फरशी ओली होती, नुकतीच पुसल्यासारखी. पाणी नसलेल्या गल्लीत! दचकले, तोल गेला आणि खुबा मोडला.

आता ऐक. सत्तावीस तारखेला पालिकेचा माणूस येणार आहे. दारोदार थाप मारणार, आतून ओ आली नाही ते घर रिकामं धरणार. तू माझ्या घरात जाऊन बस. तुझे भावजी गेल्यावर त्या दोन खोल्यांनीच मला सांभाळलं. त्या गेल्या तर मी कुणाची रे? यादीतला खोटेपणा माझ्या माथी.

जिवाला जप, आणि या वेळी नाही म्हणू नकोस.

तुझी ताई

ता. २७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

गल्ली वाचली. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून तुला आनंद होणार नाही.

सकाळी लवकर जाऊन सगळी कुलपं पाहिली. माझा धंदाच तो. बारा नंबरचं गंजून घट्ट झालेलं, किल्लीच्या भोकात कोळ्याचं जाळं. ते दार महिन्यात उघडलेलं नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

दहाला पालिकेचा माणूस वही घेऊन आला. पहिल्याच कुलूपबंद दारावर त्यानं थाप मारली आणि आतून कुणीतरी हजर म्हणालं. त्यानं कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागून दार असेल, असं तोच पुटपुटला. मागे भिंत आहे, हे मी सांगितलं नाही. बावीस बंद दारं, बावीस आवाज. शेवटी तो थापही मारेना, नुसत्या खुणा करत पळत सुटला. सगळी गल्ली वस्तीची, पाडापाडी रद्द, असं लिहून सही केली. तुझ्या स्वयंपाकघरात मी एकटाच नाचलो गं!

दुपारी बातमी ऐकून शिंपीण गाठोडं घेऊन परतली. मी तेल घालून कुलूप काढून दिलं, पण दार हलेना. आतून कडी होती. तिनं हाका मारल्या, तर आतून सांगितलं, इथे माणसं राहतात, दुसरीकडे बघा. तिला चहा पाजायला कोपऱ्यापर्यंत नेलं. जाताना तुझ्या दाराला माझ्याच हातचं कुलूप लावलं होतं.

परत आलो. किल्ली एका फेऱ्यात फिरली, कुलूप निघालं. दार उघडलं नाही. मी थाप मारली. ताई, आतून कुणीतरी हजर म्हणालं. आवाज तुझा होता.

मी पळालो नाही. पायरीवर बसून हे लिहितो आहे. शिंपीण शेजारी आहे, तिला आज आमच्याकडे नेतो. शनिवारी तुला सोडतील, मी गाडी घेऊन येतो. गल्लीकडे वळायचं नाही, थेट आमच्याकडे यायचं. रडलीस तरी गाडी वळवणार नाही.

आत तुझं काय काय राहिलंय, ते मात्र मला सांगू नकोस. दार वाजवून मागायची माझी हिंमत नाही.

तुझी माया आमच्या वाट्याला राहू दे.

तुझा ढोल्या